क्रूझवरच्या कॉन्सिअर्जला टिप: द्यायची का, किती, कधी आणि कशी

तिकिटाचे पैसे भरले की क्रूझचा खर्च संपला, असं पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांना वाटतं. जहाजावर चढल्यावर मात्र खात्यात रोज माणशी काही डॉलरची एक ओळ दिसू लागते. कुठे तिचं नाव ग्रॅच्युइटी, कुठे सर्व्हिस चार्ज, तर कुठे क्रू अ‍ॅप्रिसिएशन. निवृत्त होताना मिळते त्या ग्रॅच्युइटीशी हिचा संबंध नाही. ही आपोआप कापली जाणारी टिप आहे. गेल्या काही वर्षांत मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ती वरचेवर वाढवली आहे, आणि म्हणूनच ‘एवढं कापून घेतल्यावर पुन्हा हातात कशाला द्यायचं?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो.

केबिन स्टुअर्ड (खोली आवरणारा कर्मचारी) आणि वेटर यांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: न देऊनही चालतं, दिलं तर आनंदच. कॉन्सिअर्जच्या बाबतीत मात्र ते कंपनीनुसार उलटं होऊ शकतं. कारण आपोआप कापलेल्या पैशातला एक सेंटही अनेकदा त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि देणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

कॉन्सिअर्ज म्हणजे नेमकं कोण?

कॉन्सिअर्ज म्हणजे तुमच्या वतीने जहाजाच्या इतर विभागांकडून काम करून घेणारा माणूस. तो स्वतः जेवण वाढत नाही, खोली आवरत नाही. भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये रात्री साडेसातचं टेबल मिळवणं, दोन ठिकाणी एकाच वेळी पडलेलं बुकिंग सोडवणं, बिलात चुकून लागलेली रक्कम काढून घेणं, बंदरावर उतरताना गर्दी टाळून नेणं ही त्याची कामं.

ही सेवा सहसा सगळ्या प्रवाशांसाठी नसते. स्वीट, म्हणजे मोठ्या आणि महागड्या केबिन घेणाऱ्यांसाठी वेगळा लाउंज असतो आणि तिथे कॉन्सिअर्जचं टेबल असतं. हॉलंड अमेरिका, नॉर्वेजियन आणि एमएससी या क्रूझ कंपन्यांचे अनुक्रमे नेपच्यून लाउंज, हेवन आणि यॉट क्लब ही अशीच ठिकाणं.

एक गोंधळ इथेच मिटवायला हवा. सेलिब्रिटी कंपनीत ‘कॉन्सिअर्ज क्लास’ हे केबिनच्या एका प्रकाराचं नाव आहे. डिस्नेच्या जहाजांवरही ‘कॉन्सिअर्ज’ म्हणून केबिनचा वरचा वर्ग विकला जातो. म्हणजे एकच शब्द कधी खोलीसाठी येतो, कधी माणसासाठी. बिलावर ‘कॉन्सिअर्ज’साठीचा चढा दैनिक दर दिसला की तो त्या माणसाला मिळतो असं गृहीत धरू नका. तो केवळ त्या वर्गाच्या केबिनचा दरही असू शकतो.

बटलर वेगळा. तो तुमच्या खोलीशी बांधलेला असतो: सामान लावणं, खोलीत नाश्ता आणणं, कपडे इस्त्रीला देणं. रॉयल कॅरिबियनच्या सर्वांत महागड्या स्टार क्लासमध्ये ‘जिनी’ नावाची व्यक्ती असते, ती कॉन्सिअर्ज आणि बटलर या दोघांची कामं एकत्र करते. खालच्या डेकवरच्या गेस्ट सर्व्हिसेस काउंटरवर बसणारे लोक यापैकी कोणीच नाहीत. ते जहाजाचं स्वागतकक्ष सांभाळतात आणि त्यांना टिप द्यायचा रिवाज नाही.

रोज कापले जाणारे पैसे जातात कुठे?

पूर्वी प्रत्येक प्रवाशाचं टेबल, वेळ आणि वेटर ठरलेला असे. शेवटच्या रात्री पाकिटं वाटली जात: एक स्टुअर्डला, एक वेटरला, एक त्याच्या मदतनिसाला, एक हेड वेटरला. कोणी काम केलं ते डोळ्यांसमोर असे. नॉर्वेजियनने २००० साली हवं तेव्हा हवं तिथे जेवायची पद्धत आणली, पुढे इतरांनीही तिचे प्रकार स्वीकारले. रोज वेगळा वेटर म्हटल्यावर पाकीट कोणाच्या हातात ठेवणार? आपोआप कापली जाणारी रक्कम रुळली त्यामागचं हे एक मोठं कारण.

या पद्धतीत सगळ्यांचे पैसे एका डब्यात जमा होतात आणि ठरलेल्या हिश्श्याने वाटले जातात. दिसणाऱ्या वेटरसोबत न दिसणाऱ्या लोकांनाही, उदाहरणार्थ धुलाई विभाग आणि स्वयंपाकघरातले काही कर्मचारी, त्यातून वाटा मिळू शकतो. मोठ्या कंपन्यांत साध्या केबिनसाठी हा दर साधारण माणशी रोज १६ ते २० डॉलर असतो. स्वीटसाठी त्याहून काही डॉलर जास्त, २५ पर्यंत किंवा क्वचित त्याच्याही पुढे. दर माणशी असतो, खोलीमागे नाही. मुलांनाही तो लागतो, फक्त तान्ह्या मुलांना काही कंपन्या सूट देतात. दोघांनी स्वीटमध्ये ७ रात्री काढल्या आणि दर २३ डॉलर असला, तर ३२२ डॉलर होतात. एवढा आकडा पाहिल्यावर ‘यात सगळेच आले असतील’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण कॉन्सिअर्ज त्या डब्यात आहे का?

टिपबद्दलचा प्रत्येक निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून आहे आणि त्याचं उत्तर कंपनीगणिक बदलतं. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात डबा आहे, पण कॉन्सिअर्ज त्याच्या बाहेर आहे. नॉर्वेजियन हे त्याचं स्पष्ट उदाहरण. कॉन्सिअर्ज, बटलर आणि मुलांच्या विभागातले कर्मचारी फक्त काही प्रवाशांनाच सेवा देतात, त्यामुळे सर्वांकडून घेतलेल्या सर्व्हिस चार्जचा लाभ त्यांना होत नाही, चांगली सेवा मिळाली तर त्यांना स्वतंत्र टिप द्यावी, असं ही कंपनी प्रवाशांना सांगत आली आहे. यामागचा तर्क चुकीचा नाही. साध्या केबिनमधल्या हजारो लोकांनी भरलेल्या पैशातून फक्त स्वीटवाल्यांची कामं करणाऱ्याला वाटा का द्यावा? पण त्याची दुसरी बाजू स्वीटवाल्यांनी लक्षात घ्यायची असते: आपण भरलेल्या चढ्या दरात हा माणूस नाही.

दुसऱ्या प्रकारात डब्याचं वर्णनच मोघम असतं. ‘भोजन विभाग, केबिन विभाग आणि हॉटेल सेवेतले इतर कर्मचारी’ अशी वाक्यरचना दिसते. त्या ‘इतर’मध्ये कॉन्सिअर्ज बसतो की नाही, हे वाचून कळत नाही. अशा ठिकाणी बुकिंगच्या आधी कंपनीला किंवा एजंटला लेखी विचारावं. प्रश्नही नेमका हवा. ‘टिप समाविष्ट आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ असं उत्तर येईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. ‘दैनिक ग्रॅच्युइटीतला हिस्सा स्वीट लाउंजच्या कॉन्सिअर्जला मिळतो का?’ असं विचारा.

तिसऱ्या प्रकारात सगळी टिप भाड्यातच धरलेली असते. रीजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी अशा चैनीच्या कंपन्या याच वर्गातल्या. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनेही २०१९ मध्ये दैनिक सर्व्हिस चार्ज बंद करून तो भाड्यात मिसळला. इथे कॉन्सिअर्जला काही न देता उतरलात तर त्यात उणं काही नाही. कोणी फारच धावपळ केली असेल आणि द्यावंसं वाटलं तर द्या, पण अपेक्षा नसते. रॉयल कॅरिबियनच्या स्टार क्लासमध्येही दैनिक ग्रॅच्युइटी भाड्यात येते, मात्र तिथे जिनीला वेगळं पाकीट देण्याची पद्धत प्रवाशांमध्ये चांगलीच रुजली आहे. नियम आणि रिवाज एकमेकांपासून कसे सुटतात ते इथे दिसतं.

किती द्यावं?

ठरलेला दर नाही. टक्केवारीही चालत नाही, कारण कॉन्सिअर्जच्या कामाचं बिल नसतं. सात दिवसांत त्याच्याशी दोनदा बोललेले प्रवासी असतात आणि दिवसातून चार वेळा टेबलावर जाणारेही. म्हणून रात्री मोजण्यापेक्षा कामं मोजणं मला जास्त न्यायाचं वाटतं.

माहिती विचारली, नकाशा घेतला, शोची वेळ विचारली तर काही देऊ नये, देणं अपेक्षितही नसतं. ऐन वेळी बदललेलं टेबल, हरवलेल्या सामानाचा पाठपुरावा, वाढदिवसाची तयारी अशा एखाददुसऱ्या कामासाठी १० ते २० डॉलर पुरेसे आहेत. आठवड्याभराच्या सफरीत रोजचा संबंध आला असेल तर संपूर्ण केबिनकडून मिळून ५० ते १०० डॉलर हा अनुभवी प्रवाशांमध्ये बऱ्यापैकी रूढ असलेला अंदाज आहे. लक्षात घ्या, हा केबिनमागे आहे, माणशी नाही.

हे आकडे वापरायचे कसे, ते एका उदाहरणातून बघू. दोघांची सात रात्रींची सफर, कॉन्सिअर्ज डब्याबाहेर. त्याने दोनदा रेस्टॉरंटचं बुकिंग हलवलं, दोन बंदरांवर पहिल्या टेंडरमध्ये जागा दिली आणि बिलातली एक चूक सोडवली. टेंडर म्हणजे जहाज धक्क्याला लागू शकत नाही तिथे किनाऱ्यापर्यंत नेणारी छोटी बोट. तिच्या पहिल्या फेरीत बसणं आणि दोन तास थांबणं यातला फरक ज्याने अनुभवला आहे त्याला या मदतीचं मोल सांगावं लागत नाही. इथे ६० ते ८० डॉलर मी योग्य मानेन. तोच कॉन्सिअर्ज डब्यात असता तर २०-३० डॉलरही उत्तम.

चौदा रात्रींची सफर म्हणून रक्कम आपोआप दुप्पट करायची गरज नाही. पहिल्या दोन दिवसांत सगळी बुकिंगं लागून गेली आणि पुढे फक्त ‘सुप्रभात’ झालं असेल, तर काम तेवढंच राहिलं.

लाउंजमध्ये संध्याकाळी पेय देणारे आणि टेबलं आवरणारे कर्मचारी कॉन्सिअर्ज नव्हेत. तिथे पेय मोफत असेल तर बिल येत नाही, म्हणून बिलावर आपोआप लागणारी १८ ते २० टक्के टिपही लागत नाही. अधूनमधून एक-दोन डॉलर तिथे ठेवावेत. उलट, इतर बारमध्ये सही करायला आलेल्या पावतीवर ‘अतिरिक्त टिप’ची रिकामी ओळ असते. ती भरायलाच हवी असं समजून अनेक जण दुप्पट देऊन बसतात. वरची रक्कम नीट वाचा, टिप तिथे आधीच धरलेली असते.

‘पगार मिळतो ना त्यांना? मग मी का द्यायचं?’

या आक्षेपात तथ्य आहे. पगार पुरेसा देणं ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि टिपच्या नावाखाली ती प्रवाशावर ढकलली जाते ही तक्रार योग्यच आहे. पण त्यामागची रचना समजून घ्यायला हवी. बरीचशी मोठी जहाजं बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा कामगारांना लागू होतो. जहाज अमेरिकेच्या बंदरातून सुटत असलं तरी परदेशी झेंड्याच्या जहाजावरच्या खलाशांना तिथला संघीय किमान वेतन कायदा लागू नाही.

२०१३ पासून अमलात असलेला सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, लेखी करार आणि दरमहा पगार बंधनकारक करतो. विश्रांतीचे किमान तास मोजले तर ते २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ भरायला हवेत. पण किमान वेतनाचा जो आकडा त्यात सुचवला जातो तो कुशल खलाशाच्या पदासाठी आहे. हॉटेल विभागातल्या माणसासाठी तसा आंतरराष्ट्रीय आकडा नाही.

कॉन्सिअर्जचा मूळ पगार अनेकदा स्टुअर्ड किंवा वेटरपेक्षा बरा असतो. म्हणून त्याची टिप ही पोटापुरत्या उत्पन्नाची भर नसून केलेल्या कामाची दखल आहे, असं म्हणता येतं. माझ्या मते त्यामुळे ती खरोखर ऐच्छिक ठरते. काम घेतलं नाही तर देऊ नका, मनाला लावून घेऊ नका. स्टुअर्डच्या वाट्याच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही.

‘तर मग ते कापलेले पैसे रद्द करून हातातच दिले तर?’

बहुतेक कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसला सांगून ही रक्कम कमी करता किंवा काढता येते, मात्र उतरण्याआधी. हेतू चांगला असला तरी परिणाम तसा होत नाही. डब्यातून पैसे निघाले की धुलाई आणि स्वयंपाकघरातल्या लोकांचा वाटा जातो, त्यांच्या हातात तुम्ही पाकीट देणार नसता. शिवाय काही कंपन्यांत ज्या प्रवाशाने ही रक्कम रद्द केली त्याच्याकडून मिळालेली रोख टिप कर्मचाऱ्याला डब्यात जमा करावी लागते. म्हणजे तुम्ही ज्याला म्हणून दिलं त्याच्याकडे ते राहतच नाही. कापलेलं राहू द्या आणि कॉन्सिअर्जचं त्यावर वेगळं ठेवा.

द्यायची वेळ आणि पद्धत

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, आणि बहुतेक शेवटच्या सकाळी.

उतरण्याच्या दिवशी कॉन्सिअर्ज टेबलावर नसतो. तो स्वीटवाल्यांच्या गटांना दरवाज्यापर्यंत सोडत असतो, खाली-वर करत असतो. लाउंजही लवकर बंद होऊ शकतो. पाकीट खिशात राहतं आणि तुम्ही टॅक्सीत. म्हणून शेवटच्या संध्याकाळी, जेवणाआधी द्या. त्या वेळी तो टेबलावर असण्याची शक्यता सर्वाधिक असते. दोघं-तिघं पाळीने काम करत असतील तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा: ‘तुम्ही उद्या संध्याकाळी असाल का?’

पाळीने काम असेल तर आणखी एक गोष्ट विचारावी: तुमच्यात टिप एकत्र वाटता की ज्याची त्याची? हा प्रश्न उद्धट नाही, त्यांना तो सवयीचा आहे. ज्याची त्याची असेल आणि एकानेच सगळं काम केलं असेल तर त्याच्या नावाचं पाकीट करा. नावाशिवायचं पाकीट टेबलावर ठेवून गेलात तर ते कोणाचं, हा प्रश्न मागे उरतो.

रोखच लागते. जहाजावर सगळा खर्च खात्यातून होतो, त्यामुळे सफरीत नोटांची आठवण होत नाही. पण कॉन्सिअर्जला खात्यातून टिप देण्याची सोय प्रत्येक जहाजावर नसते. कंपनीने भेट दिलेली जहाजावरची जमा रक्कम आपोआपच्या ग्रॅच्युइटीसाठी बऱ्याचदा वापरता येते, पण ती परत न मिळणाऱ्या प्रकारची असेल तर तिच्या नोटा करून हातात देता येत नाहीत. जहाजावरच्या एटीएमचं शुल्क चढं असतं. त्यामुळे निघतानाच ५, १० आणि २० च्या नोटा वेगळ्या ठेवा. मोठी नोट गेस्ट सर्व्हिसेसमध्ये मोडून मिळते, पण शेवटच्या दिवशी तिथली रांग पाहून परत फिरावं लागेल. रिकामी पाकिटंही त्याच काउंटरवर मिळतात.

चलन जहाजावर जे चालतं तेच: बहुतेक ठिकाणी अमेरिकी डॉलर, भूमध्य समुद्रातल्या अनेक सफरींत युरो. डॉलर कुठेही चालतात. मागच्या सहलीतली उरलेली परकीय नाणी मात्र देऊ नका. नाणी बदलून मिळत नाहीत, घेणारा हसून घेतो आणि ती त्याच्या खणात पडून राहतात. फाटक्या किंवा लिहिलेल्या नोटांचंही तेच, बदलताना त्या नाकारल्या जाऊ शकतात.

पहिल्याच दिवशी दिली तर?

पहिल्या दिवशी २० डॉलर सरकवले की आठवडाभर पुढची रांग मिळते, असा सल्ला सर्रास दिला जातो. थोडा फरक पडत असेलही, पण ज्या गोष्टींची टंचाई असते त्यांचं वाटप पैशावर होत नाही. टेंडरच्या जागा, पहिल्या रात्रीची टेबलं केबिनच्या वर्गानुसार आणि आधी मागणाऱ्याला मिळतात. त्यामुळे नोटेपेक्षा यादी जास्त कामाची. सफरीच्या आधी कॉन्सिअर्जकडून ई-मेल येत असेल तर त्याला उत्तर देताना रात्र, वेळ, माणसं, पथ्यं आणि पर्यायी वेळ एकदाच लिहा. चढल्याच्या पहिल्या तासाभरात राहिलेलं सांगा. तरीही आधी द्यायचं असेल तर ठरवलेल्या रकमेचा एक भाग आधी, उरलेला शेवटी द्या. सगळं आधी दिलं आणि सेवा मिळाली नाही तर परत मागता येत नाही.

कोणाला देऊ नये, आणि पैशाशिवाय काय देता येतं

खांद्यावर पट्टे असलेल्या अधिकाऱ्यांना टिप देऊ नये: हॉटेल डायरेक्टर, कॅप्टन, गेस्ट सर्व्हिसेसचा व्यवस्थापक, तसेच जहाजावरचे डॉक्टर आणि नर्स. त्यांना ती घेण्याची सहसा परवानगी नसते आणि नाकारताना दोघांनाही अवघडतं.

घरी केलेले पदार्थ आणू नका. बहुतेक कंपन्या ते जहाजावर चढवूच देत नाहीत. सीलबंद चॉकलेटचा डबा चालतो, पण तो टिपऐवजी नको, सोबत असावा.

उतरल्यावर काही दिवसांत कंपनीचं सर्वेक्षण ई-मेलने येतं. त्यातल्या मोकळ्या चौकटीत कॉन्सिअर्जचं नाव बिल्ल्यावर होतं तसंच, सोबत लाउंजचं नाव, तारीख आणि त्याने केलेलं एक नेमकं काम लिहा. सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर आलेल्या माणसाला पुढचा करार आणि बढती मिळताना अशा नोंदी उपयोगी पडतात. ‘सगळे छान होते’ या ओळीतून मात्र कोणाच्या नावावर काही जमा होत नाही. म्हणून नाव सफरीतच फोनमध्ये टिपून ठेवा, घरी पोचेपर्यंत ते आठवत नाही.